दांडिया बाजारातला डोळ्यांचा दवाखाना: पाचपैकी चार, एक खुर्च्यांपायी गेला

मी ब्लाऊज शिवते. बडोद्यात राजमहाल रोडला घरातच मशीन आहे, पस्तीस वर्षं झाली. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरूनच ठरलं.

गणपतीच्या आधी एका गिऱ्हाइकाचा काळ्या खणाचा ब्लाऊज परत आला. हुका-काजांची हातशिलाई नेव्ही ब्लू दोऱ्याने झालेली. ट्यूबलाइटखाली मला दोन्ही दोरे एकच दिसत होते. ती बाई बिचारी हसून म्हणाली, "काकू, डोळे दाखवून या."

पहिल्यांदा गेले ते दुसऱ्याच ठिकाणी. नाव लिहीत नाही. काचेचं मोठं दालन, रिसेप्शनला कॉफीचं मशीन. डॉक्टर तीन मिनिटं भेटले, "मोतीबिंदू आहे, काढून टाकू" म्हणाले आणि मला एका मुलीच्या टेबलापाशी पाठवलं. तिच्यापुढे मोतीबिंदू काढून डोळ्यात बसवायच्या लेन्सचं रेटकार्ड, साड्यांच्या दुकानात असतं तसं. सगळ्यात महागडीवर बोट ठेवून म्हणाली, आज बुक केलंत तर सवलत आहे. चष्मा कायमचा सुटेल! डोळ्याच्या ऑपरेशनला "आजच्या आज"वाली सवलत ऐकली आणि मी पर्स उचलली.

मग हा दांडिया बाजारातला दवाखाना. जुना वाडा, वरचा मजला, जिना अंधारा. (मोतीबिंदूवाल्यांसाठी जिना अंधारा! एक दिवा लावा हो.) खुर्च्या लोखंडी, त्यात अडीच तास. दर थोड्या वेळाने येऊन बाहुली मोठी करायचे थेंब घालत होते, चांगलेच झोंबतात. हे थेंब घातले की पुढचे चार-पाच तास जवळचं धूसर आणि उजेडाचा त्रास. सोबत कुणाला तरी आणा, हे फोनवर सांगायला नको? दुपारी दोनला मी डोळे मिटत, पदर कपाळावर ओढून रावपुऱ्यापर्यंत चालत आले. एक रिक्षावाला चक्क "बा, हात पकडूं?" म्हणाला.

पण तपासणी. डॉक्टरीणबाई गुजराती आहेत. हनुवटी टेकवून मशिनीतून दोन्ही डोळे बघितले, मग मागचा पडदा बघितला, सावकाश. पडदा का, तर मोतीबिंदू काढूनही पडद्यातच बिघाड असला, साखरेमुळे किंवा वयामुळे, तर नजर हवी तेवढी सुधारत नाही आणि माणूस ऑपरेशनला नावं ठेवतो. माझ्यासारख्या जाड उणे नंबरवाल्यांचा पडदा तर आणखी नीट बघावा लागतो. माझा ठीक निघाला. मग त्यांनी तक्त्याकडे न बघता विचारलं, "मासी, तमने नडे छे शुं?" म्हणजे तुमचं अडतंय काय.

अडतंय काय! मी दोऱ्याची गोष्ट सांगितली. रात्री समोरून गाडी आली की दिवा फुटल्यासारखा पसरतो, तेही सांगितलं. डाव्या डोळ्याचा नंबर वर्षभरात उणे साडेतीनवरून उणे सहावर गेला होता, दोनदा काचा बदलल्या. त्या म्हणाल्या, हा मोतीबिंदूचाच वाढवलेला नंबर आहे, काचा बदलत बसाल. उजवा मात्र सुरुवातीचा आहे, चष्म्याने भागतंय तोवर हात लावायचा नाही. मी आपलं माझ्या आईचं वाक्य काढलं, "पण पिकायला नको का?" पूर्वी तसं होतं म्हणाल्या. आता उलट, फार पिकून कडक झाला तर फोडून काढायला जास्त त्रास. पिकला नाही म्हणून थांबायचं नाही आणि दिसला म्हणून पळायचंही नाही. काम अडायला लागलं की या.

खरी गंमत लेन्सची. मी जन्मभर चष्मा काढून सुई ओवते. उणे नंबरवाल्यांना जवळचं उघड्या डोळ्यांनी दिसतं, तीच माझी मिळकत. त्यांनी विचारलं, सुई किती लांब धरता? मी पर्समधली टेप काढली. 16 इंच. "म्हणजे 40 सेंटिमीटर," त्या म्हणाल्या, "मग साधी लेन्स घालू, पण उणे अडीचवर ठेवू. सुई तशीच ओवाल, लांबचं बघायला चष्मा राहील." डावा शून्यावर आणला आणि उजवा उणे साडेतीनवरच राहिला, तर चष्म्यात दोघांचं जमणार नाही, हेही त्यांनीच सांगितलं. त्या काचेच्या दालनात चष्मा सोडवून देत होते, त्या महागड्या लेन्सने रात्री दिव्याभोवती कडी दिसू शकतात आणि काळ्यावर काळा दोरा थोडा फिका पडू शकतो, हे इथे कळलं. कुणाला लांबच्या गाड्या चालवायच्या असतील, त्याचं गणित वेगळं असेल. मला विचारलं कुणी नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या खेपेला हे सोबत होते. पेशंट मी, पण बाईंनी ह्यांनाच धरलं: प्रोस्टेटची गोळी घेता का? घेतात. मग तुमच्या डोळ्यांची वेळ येईल तेव्हा पहिल्यांदा ते सांगा, त्यातल्या काही गोळ्यांनी ऑपरेशनच्या वेळी बाहुली ढिली पडते. हे घरी येईपर्यंत गप्प होते.

ऑपरेशन दिवाळीच्या ऑर्डरी उरकून केलं. आधी डोळ्याची लांबी मोजली, साखर बघितली. टेबलावर पंधरा-वीस मिनिटं, दुखलं नाही, पाणी वाहिल्यासारखं वाटलं. थेंब महिनाभर, आठवडाभर मशीन बंद, डोक्यावरून पाणी नाही. बिल सांगितलं तेवढंच आलं. विमा असेल तर पॉलिसी आधी वाचा. आमच्यात मोतीबिंदूला दोन वर्षांची अट होती आणि रकमेवर मर्यादा. काउंटरवरची मुलगी हे आपणहून सांगत नाही, तिथे अर्धा तारा कापावासा वाटला होता, मग खुर्च्यांवरच कापला.

पट्टी काढल्यावर घरी येऊन पलंगावरची पांढरी चादर बघितली. डाव्याने पांढरी, उजव्याने चहा सांडून धुतल्यासारखी. मग दोऱ्यांचा डबा उपसला. काळ्या रिळांच्या खणात नेव्ही ब्लूची चार रिळं.

त्यांतलं एक त्या परत आलेल्या ब्लाऊजचं. गिऱ्हाइकाला फोन केला, पण तिने केव्हाच दुसरीकडून उसवून घेतला होता. उजव्या डोळ्यासाठी सहा महिन्यांनी बोलावलंय. बुधवारी जा, गर्दी कमी असते, आणि पाठीला उशी न्या.