उसाच्या ट्रॉलीची बातमी कशी लिहायची : ७०० रुपयांच्या ट्रेनिंगचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, मी काय मोठा पत्रकार नव्हे, खानापूर साईडला बातम्यांचं एक पेज चालवतो, दिवसा दुकान आणि रात्री बातम्या, त्यामुळं दोन दिवस शटर ओढून बेळगावात ट्रेनिंगला जायचं म्हणजे घरात आधी बोलणी खायची. विषय होता रस्ता सुरक्षा आणि मीडिया, म्हणजे अपघाताची बातमी अशी लिहायची की वरचे लोक हलले पाहिजेत, नियम बदलला पाहिजे. एका संस्थेनं ठेवलेलं, नाव लिहीत नाही कारण पुढं थोडा राग पण काढणार आहे. फी ७००, त्यात चहा, जेवण, एक फाईल आणि एक पेन जे पहिल्याच दिवशी बंद पडलं.

पैसे वसूल झाले काय? झाले, पण पहिल्या दिवशीच्या जेवणाआधीच्या दीड तासातच झाले.

नाव नोंदवतानाच त्यांनी प्रत्येकाकडनं स्वतः लिहिलेल्या अपघाताच्या तीन बातम्या मागून घेतलेल्या. मला वाटलं कौतुक बिवतुक करतील. शिकवणाऱ्या मॅडमनी त्याच बातम्यांच्या झेरॉक्स आमच्या हातात दिल्या, सोबत लाल पेन, आणि म्हणाल्या यात रस्त्याबद्दल आणि गाडीबद्दल जे काय लिहिलंय त्याच्याखाली रेघ ओढा. माझी बातमी होती 'उसाच्या ट्रॉलीला पाठीमागून धडक, दुचाकीस्वार जागीच ठार'. खाली दहा ओळी. भरधाव वेग, ताबा सुटला, काळाचा घाला, गावावर शोककळा, पश्चात आई-वडील, पत्नी, दोन मुली असा परिवार. रेघ ओढायला जागाच सापडंना. रात्री आठची वेळ, रस्त्याला लाईट नाही, ट्रॉलीला मागं लाल दिवा तर सोडाच, रेडियमची पट्टी पण नव्हती, हे सगळं मला माहीत होतं की ओ, मी स्वतः तिथं उभा होतो, फोटो मीच काढलेला. आणि लिहिलं काय, तर भरधाव. भरधाव होता हे मला कुणी सांगितलं? कुणीच नाही. हाताला सवय लागलेली असते.

मग त्यांनी हॉलच्या लाईटी बंद केल्या, मागच्या भिंतीजवळ दोन खुर्च्या ठेवल्या, एकीला चारआठ इंच रेडियम चिकटवलेलं आणि दुसरी तशीच, आणि दारातनं मोबाईलचा टॉर्च मारला. रेडियमवाली खुर्ची लगेच पेटल्यासारखी दिसली. दुसरी कुठं आहे ते कळायला पार मधल्या रांगेपर्यंत चालत जावं लागलं. रिफ्लेक्टर मोटार वाहन नियमात सक्तीचेच आहेत, नवीन मागणी करायची गरजच नाही, फक्त बातमीत 'रिफ्लेक्टर नव्हता' हे चार अक्षर यायला पाहिजे. एवढं एक बघितलं तरी माझे ७०० फिटले.

आकडे पण दिले, आणि नुसते फेकले नाहीत. २०२२ ला देशात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली, म्हणजे रोजची साडेचारशेच्या वर, त्यातली ५०,०२९ हेल्मेट न घातलेली. त्याच सरकारी रिपोर्टात सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात टाकलेत. इथं मॅडमनी विचारलं, वेगाचा रकाना भरतो कोण? रात्री पंचनामा करणारा माणूस. आणि त्याचंच वाक्य आम्ही उचलतो. वेग हे कारण असतंच, खोटं नाही, पण तेवढं लिहिलं की वळण, खड्डा, ट्रॉली, बंद लाईट सगळे सुटले. मला हे पटलं. शेजारी बसलेल्या गोकाकच्या मित्राला पटलं नाही, तो म्हणाला आपली पोरं पळवतातच की रे. ते पण खरंय. शिनोळीला बॉर्डर ओलांडून महाराष्ट्रात चंदगड साईडला चाललेल्यांची हेल्मेटं कुठं असतात बघा, कोपराला.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे ब्लॅक स्पॉट, म्हणजे परत परत अपघात होणारी जागा. आम्ही दर वळणाला 'मृत्यूचा सापळा' म्हणून मोकळे होतो. पण सरकारी हिशेब वेगळा आहे, नॅशनल हायवेवर साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमी असे ५ अपघात, नाहीतर १० मृत्यू. म्हणजे सापळा म्हणून उपयोग नाही, मोजून दाखवायला पाहिजे, आणि मोजायचं तर प्रत्येक बातमीत किलोमीटरचा दगड लिहायला पाहिजे. 'वंटमुरी घाटात' किंवा 'लोंढ्याजवळ' एवढ्यानं तीन वर्षांनी काय मोजणार? मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून १९८ अ कलम आहे, रस्त्याचं डिझाईन, बांधकाम किंवा मेंटेनन्स ठरल्याप्रमाणं केलं नाही आणि त्यामुळं जीव गेला, अपंगत्व आलं तर जबाबदार खात्याला, कॉन्ट्रॅक्टरला एक लाखापर्यंत दंड. हे मला ठाऊकच नव्हतं आणि मी सहा वर्षं अपघात लिहितोय. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला त्रास द्यायचा नाही ते १३४ अ पण तेव्हाच आलं, हे मात्र माहीत होतं, आधी सुप्रीम कोर्टानं २०१६ ला सांगितलेलं.

मीडियामुळं कायदा कसा हलतो त्याची दोन उदाहरणं दिली, दोन्ही मागच्या सीटवरच्या बेल्टची. जून २०१४ ला केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे दिल्लीत कार अपघातात गेले, आठवडाभर टीव्हीवर तेच, नवीन मोटार कायदा आणतो म्हणून घोषणा झाली, आणि दुरुस्ती पास कधी झाली तर २०१९ ला. मग सप्टेंबर २०२२ ला पालघरमध्ये उद्योगपती सायरस मिस्त्री तसेच गेले, परत मागच्या बेल्टवर चर्चा, जणू काय नियम नवीनच निघालाय, तो आधीपासून होता. मॅडम म्हणाल्या पहिल्या आठवड्यात सगळेच लिहितात, सहाव्या महिन्यात कोण विचारतो त्याला महत्त्व. मी मनात म्हटलं मॅडम, मोठा माणूस गेला तर आठवडा तरी मिळतो, आमच्या जांबोटी साईडचा पोरगा गेला की दोन कॉलमची चौकट.

आता राग. फाईलमधले कागद सगळे इंग्लिश आणि कन्नड. कन्नडला माझा विरोध नाही, इथं राहतो, बोलतो, पोलिसांची प्रेस नोट कन्नडमध्येच येते आणि ती मी रोज वाचतो. पण हॉलमध्ये निम्मी पोरं मराठीत लिहिणारी, त्यांना 'ब्लॅक स्पॉट'ची व्याख्या मराठीत एका पानावर देता आली नसती? दुपारी जेवणाच्या लाईनमध्ये गोकाकचा मित्रच मला ओळ ओळ सांगत होता, एका हातात सांबार-भाताचं ताट. जेवण बाकी चांगलं होतं.

दुसरा दिवस फुकट. सकाळी एक साहेब येणार होते, आले साडेअकराला, प्रश्न घेतले दोन, त्यातला एक संस्थेच्याच माणसानं विचारलेला. दुपारी सोशल मीडियाचं सेशन, रील कशी करायची, थंबनेल कसा, अरे हे आम्हीच तुम्हाला शिकवू. अपघाताचा व्हिडिओ टाकायचा की नाही, मेलेल्याचा चेहरा दाखवायचा की नाही, घरच्यांना कळायच्या आधी नाव टाकायचं का, हा खरा प्रश्न, रोज रात्री पडतो, त्याला दहा मिनिटं पण दिली नाहीत.

परत आल्यावर काय केलं ते पण सांगतो. तो अपघात झालेला त्याच साखर कारखान्याच्या रस्त्याला एका रात्री तासभर थांबलो, मागं धड पट्टी असलेल्या ट्रॉल्या बोटावर मोजण्याइतक्या. ड्रायव्हर लोकांशी बोललो, एकजण म्हणाला पट्टी लावतो ओ, ऊस भरताना घासून जाते, चिखलानं झाकते, पुसणार कोण. हे ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. बातमी लिहिली, दगडाच्या नंबरासकट, भरधाव शब्द न वापरता. नेहमीपेक्षा लाईक कमी आले. पण एका ट्रॅक्टर मालकाचा फोन आला, रेडियम कुठलं चांगलं बसतं विचारायला. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या मीटिंगचं इतिवृत्त मागायला माहिती अधिकारात १० रुपये भरून अर्ज टाकलाय, ३० दिवसांची मुदत आहे, बघू.

पाचपैकी साडेतीन स्टार. तुमचं पेज असेल, पेपरला बातम्या देत असाल तर जावा, पहिला दिवस करा आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडा. पुढची बॅच डिसेंबरात म्हणालेत, तेव्हा ट्रॉल्या रस्त्यावर असतीलच, हॉलमध्ये न बसवता एक रात्र रोडवर न्या असं फीडबॅक फॉर्मवर लिहून आलोय. फॉर्म इंग्लिशमध्ये होता, मी मराठीत भरला.