थंडी वेगळी, बर्फ वेगळा: पवनचक्कीची पाती गरम करायची तर कशी?

उत्तर स्वीडनमध्ये, फिनलंडच्या लॅपलँडमध्ये किंवा कॅनडात पवनचक्क्या उभारायच्या असतील, तर माहितीपत्रकं उघडण्याआधी एक गोष्ट नक्की करा: जागा नुसती थंड आहे, की तिथे पात्यांवर बर्फही धरतो? दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि खर्चही.

आंतरराष्ट्रीय मानकानुसार साधं यंत्र उणे 10 अंशांपर्यंत चालेल असं बनवतात. थंड हवामानाचं पॅकेज घेतलं की मर्यादा साधारण उणे 30 पर्यंत जाते. त्यात थंडीत ठिसूळ न होणारं पोलाद, सिंथेटिक ग्रीस, गिअरबॉक्सच्या तेलाला हीटर वगैरे येतं. कोरड्या, कडक थंडीला एवढं पुरतं. उणे 30 अंशांची हवा 15 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 18 टक्के जास्त घन असते, म्हणजे मध्यम वाऱ्यात वीज जास्तच मिळते.

बर्फाचा त्रास बहुतेकदा शून्याच्या थोडं खाली होतो, ढगात बुडालेल्या टेकड्यांवर. शून्याखाली जाऊनही न गोठलेले थेंब पात्याच्या पुढच्या धारेवर आदळतात आणि तिथेच गोठतात. पात्याचा आकार बिघडतो, वीज घटते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या वर्गीकरणात अशा जागांचे पाच वर्ग आहेत. तिसऱ्यात वार्षिक उत्पादनाची घट 3 ते 12 टक्के, चौथ्यात 10 ते 25. इथे नुसत्या पॅकेजचा काही उपयोग नाही, पातीच गरम करावी लागतात.

एक पद्धत गरम हवेची. पात्याच्या बुडाशी हीटर आणि पंखा असतो, हवा आतून पुढच्या धारेलगत टोकाकडे जाते आणि परत फिरते. एनरकॉन या जर्मन पवनचक्की कंपनीची ही जुनी पद्धत. कॅनडातल्या डायविक हिऱ्यांच्या खाणीत 2012 मध्ये बसवलेल्या त्यांच्या चार पवनचक्क्या उणे 40 पर्यंत चालतील अशा बनवल्या होत्या. मोठा फायदा असा की बिघडणारे भाग हबमधून (पाती जिथे जोडलेली असतात त्या मधल्या भागातून) हाताशी येतात. तोटा असा की पात्यातले काचतंतू उष्णतेला सहज वाट देत नाहीत आणि लांब पात्याच्या टोकापर्यंत पोचेतो हवा निवते. बर्फ सर्वांत जास्त धरतो तो नेमका टोकाकडे, आणि विजेचा मोठा वाटाही तिकडचाच.

दुसरी पद्धत विद्युत पट्ट्यांची. कार्बन तंतूंचे थर पुढच्या धारेच्या पृष्ठभागाखाली बसवतात. उष्णता हवी तिथेच मिळते, त्यामुळे पाती फिरत असतानाही बर्फ धरू न देणं जमतं. पण वीज कोसळली किंवा धार झिजली की पट्टी निकामी होऊ शकते. दुरुस्ती दोरावर लोंबकळत, कोरड्या आणि सौम्य हवेतच होते. जानेवारीत पट्टी गेली, तर तो हिवाळा गेलाच म्हणून समजा.

तिसऱ्या वर्गाच्या, दुर्गम जागी माझा कल गरम हवेकडे आहे. चौथ्या-पाचव्या वर्गात आणि लांब पात्यांसाठी मी विद्युत पट्ट्याच घेईन, मात्र करारात दुरुस्तीची मुदत आणि उपलब्धतेची (यंत्रणा किती काळ चालू राहील याची) हमी लिहून घेऊन. दुसऱ्या वर्गात दोन्ही नकोत. तिथे थोडी घट सोसणंच बहुधा परवडतं.

वर्ग मात्र अंदाजाने ठरवू नका. निदान एक पूर्ण हिवाळा मोजणी करा: एक गरम केलेला आणि एक साधा वारामापक शेजारी-शेजारी लावला की साधा कधी गोठला ते कळतं. तेही शक्यतो उंचावर, कारण हब ढगाखाली असताना पात्याचं टोक ढगात असू शकतं.

पाती गरम केली म्हणून रस्त्यापासूनचं अंतर कमी करू नका. सुटलेला बर्फ लांब फेकला जातो. रूढ ढोबळ सूत्र म्हणजे हबची उंची अधिक रोटरचा (फिरत्या पात्यांच्या वर्तुळाचा) व्यास, या बेरजेची दीडपट. 100 मीटर हब आणि 120 मीटर रोटरसाठी 330 मीटर.

पायाचं काँक्रीट आणि क्रेनची कामं उन्हाळ्यात उरका. विद्युत पट्ट्या कारखान्यात पातं घडवतानाच बसवून घेणं श्रेयस्कर, नंतर बसवणं फार अवघड. म्हणून हा निर्णय पात्यांच्या ऑर्डरआधीच व्हायला हवा.