गुगल अर्थ प्रो : साखळी ओढलेल्या माणसाचा अभिप्राय

आमच्या सोलापूर जिल्ह्यात उपग्रहाचा नकाशा बऱ्याच जणांना एकाच कामासाठी हवा असतो, बांधाच्या भांडणासाठी. मी मोजणी खात्यातून सर्व्हेअर म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे मोबाइल पुढे करून "काका, शेजाऱ्यानं बांध कोरलाय, यात दिसतोय का बघा की," म्हणणारे अजूनही दारात येतात. त्यांना मी आधीच सांगून टाकतो, या कामाला गुगल अर्थ, म्हणजे उपग्रहाची चित्रं दाखवणारं हे सॉफ्टवेअर, वापरू नका. चित्र जमिनीवरच्या खऱ्या जागेपासून काही मीटर सरकलेलं असू शकतं आणि आपल्याकडं तंटा फुटावरून होतो. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. चित्र पाच मीटर सरकलं की त्यातला अर्धा गेला. हद्द ठरवायची तर मोजणीचा अर्ज करा. नुसता गट नकाशा डोळ्यांखालून घालायचा असेल तर शासनाचं महाभूनकाशा संकेतस्थळ आहे.

हे एक काम वगळलं, तर मात्र असली चीज फुकट मिळते याचं मला फार अप्रूप आहे. गुगल अर्थ २००५ साली आलं. त्याची प्रो आवृत्ती वर्षाला चारशे डॉलर मोजून घ्यावी लागायची, ती २०१५ च्या जानेवारीत सगळ्यांना मोकळी केली. आम्ही उन्हातान्हात प्लेन टेबल (जागेवरच नकाशा काढायची फळी) मांडून, साखळ्या ओढून एका गावाचं जे चित्र कागदावर आणायचो, ते आता कुणाही शेतकऱ्याच्या पोराला घरबसल्या दिसतं. माझ्या धंद्यातल्या माणसाला ही केवढी मोठी गोष्ट वाटते, ते शब्दांत सांगणं अवघड आहे.

सगळ्यात मोलाचं बटण वरच्या पट्टीतलं घड्याळाचं. ते दाबलं की त्याच जागेची जुनी चित्रं तारखेनुसार उघडतात. सुरुवात उजनीपासून करा. उजनी 'मायनस'मध्ये गेली हे वाक्य आपण दर दुष्काळात ऐकतो. धरणाच्या एकूण ११७ टीएमसीतला निम्म्याहून जास्त साठा मृत साठा आहे, पाणी त्याच्याही खाली उतरलं की मायनस. पण मायनस म्हणजे जमिनीवर काय होतं ते घड्याळ मागं-पुढं केल्यावर कळतं. धरणाच्या फुगवट्याकाठी भिगवणकडून पळसदेवकडं या, तिथलं जुनं गाव धरणात बुडालंय. भरलेल्या वर्षाची तारीख लावा, मग एखाद्या कोरड्या उन्हाळ्याची. पाण्याची कड आत आत सरकते, गाळाच्या पायऱ्या दिसायला लागतात, बुडालेल्या शेतांचे बांध वर येतात. पळसनाथाचं जुनं देऊळ पाणी उतरल्यावर उघडं पडतं हे सगळ्यांना माहीत आहे, दरवेळी लोक बघायला जातात. देवळाभोवतीचं शिवार कसं होतं, बांध कुठून कुठं जात होते, ते मात्र वरूनच उमगतं. एक अडचण आहे. धरण १९८० चं आणि वेबवरचा टाइमलॅप्स (वर्षावर्षाची चित्रं सलग दाखवणारा) १९८४ पासूनचा, त्यामुळे बुडण्याआधीचं पळसदेव यात कुठंच सापडत नाही. ते बघायचं तर जुने कागदी नकाशेच हवेत.

दुसरी गोष्ट ऋतूची, आणि हौशी लोक नेमकी हीच विसरतात. पावसाळ्यानंतरचं हिरवंगार चित्र दिसायला छान, पण त्यात काही सापडत नाही. एप्रिल-मेचं निवडा. रानं नांगरून उघडी पडलेली असतात, काळी माती आणि मुरूम वेगवेगळे दिसतात. ओढ्यानं सोडून दिलेलं जुनं पात्र रानातून गडद पट्टा होऊन जातं; त्याच्यावर आता ज्वारी असते, पण मातीतून ते पुसलेलं नसतं. तशीच पाणंद, म्हणजे शेतांमधली जुनी वाट. गट नकाशावर पाणंद असते, जागेवर गेलं की दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी ती कधीच खाऊन टाकलेली. वरून बघितलं तर शेतांच्या मधूनच बाभळींची सरळ ओळ जाताना दिसते, कशाशीच न जुळणारी. तीच ती पाणंद. मी नोकरीत ज्या गावांतून चाललो तिथल्या असल्या ओळी आता एकेक करून शोधतो, आणि ज्या रस्त्यावरून स्वतः गेलोय त्याचा आकार पहिल्यांदा बघतो.

शहरातही खूप आहे. सिद्धेश्वर तलावाला लागून भुईकोट किल्ला, त्याची दुहेरी तटबंदी खाली बागेत फिरताना नीट लक्षात येत नाही, वरून दोन्ही तट वेगळे दिसतात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत बऱ्याच छपरांवर समांतर पट्टे दिसतात. एक बाजू उतरती, दुसरी उभी आणि काचेची. काच उत्तरेला असते, म्हणजे ऊन थेट न येता दिवसभर सारखा उजेड कापडाच्या मागावर पडतो. एखाद्या छपरावर हे पट्टे दिसले की काचेची बाजू कुठली ते बघा, नकाशावरचा बाण न बघता उत्तर सापडेल. कुमठ्याच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली. त्याआधीच्या चित्रांत चिमणीपेक्षा तिची सावलीच आधी नजरेत भरते. सावलीची लांबी यातल्याच मोजपट्टीनं मोजा, त्या दिवशी त्या वेळेला सूर्य किती अंशावर होता ते काढा, उंची मिळते. हा हिशेब शाळेतल्या मुलांकडून जरूर करून घ्यावा.

सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांनी पंचक्रोशीत स्थापलेली ६८ लिंगं मी खुणा लावून एकत्र करतोय. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज त्यांच्या तैलाभिषेकासाठी निघतात, तेव्हा गर्दीत आपल्याला पुढचा ध्वज तेवढा दिसतो. पडद्यावर खुणा वाढत गेल्या तसं जुन्या सोलापूरभोवतीचं कडं आकाराला येऊ लागलं. दाट वस्तीतली काही लिंगं वरून अजिबात ओळखू येत नाहीत, तिथं पायीच जावं लागतं.

आता जगभरच्या नवलांबद्दल. फिरता फिरता कधीतरी एखाद्या रानावर विमान दिसेल आणि त्याच्या शेजारी निळं, हिरवं, लाल अशी त्याचीच भुतं. घाबरायचं कारण नाही. उपग्रह हे रंग क्षणाच्या अंतरानं टिपतो. जमीन जागची हलत नाही, विमान तेवढ्यात पुढं गेलेलं असतं. असलं विमान सापडलं की मला अजून आनंद होतो.

खरी शाबासकी ज्यांना द्यावी ते लोक वेगळे. इजिप्तच्या वाळवंटात इटलीच्या विन्चेन्झो दे मिकेले यांना २००८ साली याच चित्रांत एक गोल खड्डा दिसला. कामिल विवर, व्यास ४५ मीटर. आपलं लोणार १.८ किलोमीटरचं, त्याच्यापुढं हे शेततळ्याएवढं. पुढं शास्त्रज्ञ तिथं पोचले आणि तो उल्केचाच निघाला. थरच्या वाळवंटात जैसलमेरजवळ बोहा इथं जमिनीवर काढलेली प्रचंड सर्पिल रेघ, ७२४ मीटर लांब आणि २०१ मीटर रुंद, फ्रान्सच्या दोन संशोधकांनी शोधली आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांची पद्धत मला फार आवडली. पडद्यावर जे जे दिसलं तिथं जाऊन ड्रोन उडवला, तेव्हा काही ठिकाणच्या रेघा झाडं लावण्यासाठी मारलेल्या चऱ्या निघाल्या. त्या त्यांनी सरळ बाजूला काढल्या. आणि उलटी गोष्टही आहे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला सँडी आयलंड नावाचं बेट नकाशांवर होतं, गुगलच्याही. २०१२ च्या नोव्हेंबरात संशोधन जहाज तिथं गेलं तर खोल समुद्र. पडद्यावर आहे म्हणून जमिनीवर आहे असं धरू नका. आमच्या खात्यात याला स्थळपाहणी म्हणतात आणि तिच्याशिवाय कागद पुढं सरकत नाही.

विकत घ्यायचं काहीच नाही, तरी काही गोष्टी जाणून घ्या. हे थेट प्रक्षेपण नव्हे. तारीख खालच्या पट्टीत असते आणि जवळ-लांब करताना ती बदलते. दोन तारखांची चित्रं शेजारी जोडलेली असली की एकाच शेतात अर्धा ऊस आणि अर्धी ढेकळं दिसतात, तो चमत्कार समजू नका. इस्रोचं भुवन हे असंच नकाशांचं संकेतस्थळ २००९ पासून आहे. जमिनीचा वापर, पडीक जमीन असे थर बघायला ते चांगलं, बारकाव्यासाठी मात्र मी अर्थच उघडतो. संगणक नसेल तर जुनी चित्रं २०२४ पासून ब्राउझर आणि मोबाइलवरही मिळतात, पण रेघ मारून चढउताराचा छेद काढायचा तर प्रो आवृत्तीसारखं सोपं काही नाही. सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावाखालचे कालवे मी असेच तपासले. १८७१ चं काम, आणि उतार इतका बेतानं धरलेला की बघत राहावं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो मराठीत नीट मार्गदर्शन मिळत नाही म्हणून. आणि खुणा लावाल त्या केएमझेड फाइल करून पेनड्राइव्हवरही ठेवा. त्या तुमच्याच संगणकात साठतात, संगणक फॉरमॅट झाला की गेल्या.