बॅटरीच्या पणत्या: उजेड छान, झाकण धोक्याचं

रेटिंग: ५ पैकी १

दिवाळीसाठी या पणत्यांचा डझनाचा बॉक्स मागवला. उजेड खरंच सुंदर आहे, पिवळसर आणि हलका लुकलुकणारा. तुळशीपाशी ठेवली तर लांबून तेलाचीच वाटते. वाऱ्याने विझत नाही, तेल सांडत नाही. तरी लहान मूल असलेल्या घरात ही अजिबात घेऊ नका.

पणती उलटी करून बघा. सेलच्या झाकणाला स्क्रू नाही, नखाने उचकटलं की निघतं. टीपॉयवरून एक खाली पडली तर झाकण एकीकडे आणि सेल घरंगळत सोफ्याखाली. आमची नात चौदा महिन्यांची आहे, फरशीवर सापडेल ते तोंडात घालते.

आतला सेल सीआर २०३२. हा आकडा म्हणजे त्याचं मापच: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. एवढा सेल बाळाच्या अन्ननलिकेत सहज अडकतो. मी बरीच वर्षं एक्स-रे विभागात काम केलंय. फिल्मवर हा सेल आधी नाण्यासारखाच दिसतो. नीट पाहिलं की कडेला दुहेरी वर्तुळ दिसतं, आणि मग एक मिनिटही दवडता येत नाही. ओलसर जागी सेलमधून वीज वाहू लागते, ऋण बाजूला दाहक अल्कली तयार होते आणि दोन तासांत अन्ननलिका भाजून निघू शकते. उजेड मंदावला म्हणून काढून ड्रॉवरमध्ये टाकलेल्या सेलमध्येही एवढी ताकद उरलेली असते.

मूल कधी लाळ गाळतं, खायला नको म्हणतं, खोकतं. कधी काहीच लक्षण नसतं. नुसती शंका आली तरी एक्स-रेची सोय असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात तडक न्या. उलटी करवू नका, खायला-प्यायला देऊ नका. अपवाद मधाचा: मूल वर्षाच्या पुढचं असेल, गिळता येत असेल आणि सेल पोटात जाऊन १२ तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा. पण मध शोधत घरी थांबायचं नाही.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. पणती मात्र सजावटीची वस्तू, खेळणं नव्हे, त्यामुळे ती त्यातून सुटते. बॉक्सवर इशाऱ्याची एक ओळसुद्धा नाही, याचा मला फार राग आला.

बॉक्स परत केला, पैसे तक्रार न करता मिळाले. आता बाजारातून स्क्रूच्या झाकणाच्या पणत्या आणल्यात. थोड्या महाग आहेत आणि उजेड जरा पांढरट आहे, पण हाताने ओढून, आपटून पाहिल्या, झाकण हललं नाही. विक्रेत्याने याच पणत्यांना स्क्रू बसवला तर पुढच्या दिवाळीला मी पुन्हा घेईन.