एडब्ल्यूएस मुंबईची ईबीएस डिस्क आणि सिक्युरिटी ग्रुप : रोज वापरणाऱ्याचा रिव्ह्यू

सांगलीत हळदीचे सौदे फेब्रुवारीपासून जोरात चालू होतात आणि आमची धावपळ पण तेव्हाच, कारण आम्ही अडत दुकानांचं सॉफ्टवेअर चालवतो. सौदा झाला की वजन, हमाली, तोलाई, अडत सगळं धरून शेतकऱ्याची पट्टी निघते ती आमच्या सर्व्हरवरून. सर्व्हर १० मिनिटं अडला तरी फोन येतो, "मॅडम, पट्टी निघंना झालीया, शेतकरी दारात उभा हाय." म्हणून मी जे लिहितेय ते डिस्क आणि फायरवॉल (सर्व्हरला बाहेरून कोण जोडू शकतं ते ठरवणारा पहारा) या दोनच गोष्टींबद्दल लिहितेय, कारण आमचे सगळे वाईट दिवस या दोन गोष्टींमुळेच आले होते आणि त्या नीट लागल्यावरच झोप मिळायला लागली.

आधी आम्ही एका छोट्या होस्टिंग कंपनीचा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा सर्व्हर, घेतला होता, नाव लिहित नाही. तिथं मशीन आणि डिस्क एकच, म्हणजे मशीन जिथं चालतं त्याच डब्यातली डिस्क, आणि आमचा रोजचा बॅकअप पण त्याच डिस्कवर पडायचा. एका सकाळी तो डबाच गेला. सपोर्टवाले दुपारपर्यंत "बघतोय" म्हणत राहिले आणि संध्याकाळी सांगितलं की डेटा मिळणार नाही. आमच्याकडं बाहेर काढून ठेवलेली कॉपी होती ती दीड दिवस जुनी. मग मी आणि आमच्याकडचा पोरगा, दोघं मार्केट यार्डात दुकानादुकानात बसून कच्च्या वह्यांवरून दीड दिवसाच्या पट्ट्या परत टाइप केल्या, रात्री ११ वाजले. एका वहीत पावसाचं पाणी लागून आकडे पसरले होते, ते शेतकऱ्याला फोन करून विचारले.

त्यानंतर एडब्ल्यूएसच्या, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या भाड्याच्या सर्व्हर सेवेच्या, मुंबई रीजनला आलो. हे रीजन २०१६ ला चालू झालं, आता त्यात ३ अव्हेलेबिलिटी झोन, म्हणजे एकमेकांपासून वेगळे डेटा सेंटरचे गट, आहेत. आणि तिथं मला पहिल्यांदा जी गोष्ट मनापासून आवडली ती ही की डिस्क मशीनच्या बाहेर आहे आणि दरवाजा, म्हणजे फायरवॉल, पण मशीनच्या बाहेर आहे. ऐकायला साधं वाटतं पण सगळा फरक इथंच आहे.

ईबीएस व्हॉल्यूम म्हणजे नेटवर्कवरून लागणारी डिस्क. मशीन बंद केलं, बदललं, टाकून दिलं, व्हॉल्यूम जागेवर राहतो. आम्ही ऑपरेटिंग सिस्टीमची रूट डिस्क २० जीबीची छोटी ठेवलीय आणि पोस्टग्रेसचा, म्हणजे आमच्या डेटाबेसचा, डेटा वेगळ्या व्हॉल्यूमवर. मागं उबंटू या ऑपरेटिंग सिस्टीमचं जुनं व्हर्जन बदलायचं होतं तर नवीन मशीन आधीच तयार करून ठेवलं, रविवारी सकाळी डेटाबेस थांबवला, अनमाउंट केलं (डिस्क सिस्टीमपासून सोडवली), जुन्याचा व्हॉल्यूम डिटॅच, नव्याला अटॅच, माउंट, पोस्टग्रेस चालू. चहा ठेवला होता तो उकळेपर्यंत झालं म्हटलं तरी चालेल. फक्त एक अट, दोन्ही मशीन एकाच झोनमध्ये पाहिजेत, झोन वेगळा असला तर कन्सोलमध्ये व्हॉल्यूम अटॅच करताना ते मशीन लिस्टलाच दिसत नाही आणि माणूस अर्धा तास शोधत बसतो. वेगळ्या झोनला न्यायचं तर स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची डिस्कची कॉपी, काढून त्यातून नवा व्हॉल्यूम बनवायचा.

व्हॉल्यूमचा टाइप कुठला घ्यायचा याचं उत्तर आता सोपं झालंय, जीपी३ घ्या. आधी जीपी२ होता, त्याचं गणित असं की जीबीला ३ आयओपीएस (सेकंदाला वाचन-लेखनाच्या खेपा) मिळतात, म्हणजे १०० जीबीच्या डिस्कला ३०० फक्त, आणि वरचा ३००० पर्यंतचा वेग क्रेडिटवर, म्हणजे काम कमी असताना साठलेल्या शिल्लकीवर. क्रेडिटचा डबा भरलेला असताना पूर्ण वेगानं वापरलं तर साधारण अर्ध्या तासात तो रिकामा होतो आणि मग ३०० वर येतं. म्हणजे ज्याची डिस्क छोटी पण काम जड त्याला नेमकं गर्दीच्या वेळी जाणवणार, आणि लोक वेगासाठी उगाच मोठी डिस्क विकत घ्यायचे. डिसेंबर २०२० ला जीपी३ आला त्यात साइझ कितीही असो ३००० आयओपीएस आणि सेकंदाला १२५ एमबी पहिल्यापासूनच, आणि जीबीचा दर जीपी२ पेक्षा २० टक्के कमी. मुंबईत महिन्याला जीबीमागं ९ सेंटच्या आसपास पडतं, म्हणजे २०० जीबीला १८ डॉलर धरा, वर १८ टक्के जीएसटी. जुना व्हॉल्यूम असेल तर मॉडिफाय करून टाइप बदलता येतो, मशीन चालू असताना, डेटाला काही होत नाही. ज्यांचे अजून जीपी२ वर पडून आहेत त्यांनी आजच बघा, खरंच सांगते.

साइझ वाढवणं पण चालू मशीनवर होतं, पण इथं नवीन माणूस हमखास अडकतो. कन्सोलमध्ये १०० चे २०० केले, हिरवी टिक आली, आणि मशीनवर डीएफ (जागा दाखवणारी कमांड) मारलं तर अजून १००. आमच्या पोराचा मला फोन, "ताई, पैसे कापतील पण जागा दिसत नाही." कारण तीन थर आहेत, डिस्क वाढली, तिच्यावरचं पार्टिशन (आखलेला भाग) नाही वाढलं आणि पार्टिशनवरची फाइलसिस्टीम (फाइली ठेवायची मांडणी) पण नाही. आधी एलएसब्लॉक मारून डिस्कचं खरं नाव बघायचं, मग पार्टिशन वाढवायला ग्रोपार्ट मारायचं, त्यात डिस्कचं नाव आणि पार्टिशनचा नंबर यांच्यामध्ये स्पेस द्यायची, ती स्पेस राहिली की कमांड चालत नाही, यातच आमची २० मिनिटं गेली होती. मग फाइलसिस्टीम वाढवायला, ती ईएक्सटी४ असेल तर रिसाइझटूएफएस, एक्सएफएस असेल तर एक्सएफएस ग्रोएफएस. वेगळ्या डेटा डिस्कवर तुम्ही पार्टिशनच केलं नसेल तर ग्रोपार्टची गरजच नाही, मी आता मुद्दाम तसंच ठेवते. वाढवता येतं पण कमी करता येत नाही हे लक्षात ठेवून पहिल्यांदा कमीच घ्या, ५० ने काम होत असेल तर ५० घ्या, वाढवायला एक मिनिट लागतो, कमी करायचं म्हणजे नवा छोटा व्हॉल्यूम लावून सगळा डेटा कॉपी करत बसा.

एफएसटॅब, म्हणजे मशीन सुरू होताना कुठली डिस्क जोडायची ते लिहिलेली फाइल, तिच्याबद्दल कळकळीनं सांगते. हल्लीच्या मशीनवर डिस्कची नावं एनव्हीएमई अशी येतात आणि रीस्टार्टनंतर त्यांचा क्रम बदलू शकतो, म्हणून नावानं माउंट करू नका, यूयूआयडीनं (न बदलणाऱ्या ओळख नंबरानं) करा, आणि ऑप्शनमध्ये नोफेल (डिस्क नसली तरी मशीन सुरू होऊ दे) टाका. मी एकदा नोफेल विसरले होते. व्हॉल्यूम डिटॅच करून मशीन रीस्टार्ट केलं तर ते डिस्कची वाट बघत इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसलं, एसएसएच (दुरून लॉगिन) नाही काही नाही. शेवटी त्याची रूट डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, तिथं ती फाइल उघडून एक शब्द टाकला आणि परत जागेवर लावली. रूट डिस्क पण अशी काढून घालता येते म्हणून वाचलो, जुन्या ठिकाणी असतो तर नवीन मशीनच करावं लागलं असतं.

मशीन टर्मिनेट (कायमचं बंद) करताना काय जातं काय राहतं तेही बघून घ्या. रूट डिस्क डिफॉल्टला मशीनसोबत डिलीट होते, नंतर लावलेली डेटा डिस्क राहते. ही चांगली गोष्ट, पण राहिलेल्या डिस्कचं बिल चालू राहतं, अवेलेबल असं लिहिलेल्या व्हॉल्यूमची लिस्ट महिन्याला एकदा बघायची सवय लावा. आणि एन्क्रिप्शन बाय डिफॉल्ट हे सेटिंग रीजनला एकदाच चालू करून ठेवा, पहिल्या दिवशीच, कारण आधी साधा बनवलेला व्हॉल्यूम नंतर जागेवर एन्क्रिप्ट होत नाही, स्नॅपशॉट काढून त्यातून नवा एन्क्रिप्टेड बनवावा लागतो.

स्नॅपशॉट मात्र घ्याच. एडब्ल्यूएस स्वतःच सांगतं की जीपी३ सारख्या व्हॉल्यूमचा वर्षाला निकामी होण्याचा दर ०.१ ते ०.२ टक्के आहे, म्हणजे शून्य नाही, आणि डेटाच्या कॉप्या एकाच झोनच्या आत असतात. पहिला स्नॅपशॉट पूर्ण जातो, पुढचे फक्त बदललेले ब्लॉक, त्यामुळं रोज घेतला तरी खर्च अंगावर येत नाही. डेटा लाइफसायकल मॅनेजरमध्ये वेळ लावून दिली की आपोआप होतं, आम्ही रात्री २ ची ठेवलीय आणि १४ दिवसांचे ठेवतो. स्नॅपशॉटमधून बनवलेला व्हॉल्यूम लगेच लागतो पण सुरुवातीला हळू वाटतो, कारण प्रत्येक ब्लॉक पहिल्यांदा वाचताना मागून ओढून आणला जातो. अडचणीच्या दिवशी हे माहीत नसलं तर वाटतं नवी डिस्क पण खराब निघाली. आणि तरीही आम्ही पीजी डंप, म्हणजे पोस्टग्रेसचा स्वतःचा बॅकअप, वेगळा घेतोच, दीड दिवसाच्या वह्या टाइप केलेला माणूस एका कॉपीवर विश्वास ठेवत नाही.

आता दरवाजा, म्हणजे सिक्युरिटी ग्रुप, एडब्ल्यूएसची मशीनबाहेरची फायरवॉल. आमच्या मशीनवर डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) आहे आणि आत यूएफडब्ल्यू ही उबंटूची फायरवॉल लावलेली होती, पोस्टग्रेसचा पोर्ट ५४३२ बंद, स्टेटसमध्ये डिनाय दिसतंय, आम्ही निश्चिंत. मग कुणीतरी सांगितलं की डॉकर स्वतःचे रूल आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या मूळ फायरवॉलमध्ये) घालतं आणि पब्लिश केलेला पोर्ट यूएफडब्ल्यूला वळसा घालून उघडा राहतो. मला पटेना, म्हणून एका टेस्ट मशीनवर सिक्युरिटी ग्रुप मुद्दाम मोकळा करून मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून जोडून बघितलं, आणि खरंच पासवर्ड विचारला! आत डिनाय लिहिलेलं आणि बाहेरून दार उघडं. तोच सिक्युरिटी ग्रुप परत घट्ट केला तर कनेक्शन नुसतं लटकत राहिलं, टाइमआउट. कारण हा पहारा मशीनच्या बाहेर आहे, आतल्या डॉकरनं काहीही केलं तरी पॅकेट तिथपर्यंत पोचतच नाही.

नियम समजायला सोपे आहेत. नवीन ग्रुपमध्ये बाहेरून आत काहीच येऊ देत नाही, आतून बाहेर सगळं जाऊ देतो, फक्त अलाउ लिहायचं, डिनाय असा प्रकारच नाही. स्टेटफुल आहे, म्हणजे आत आलेल्या विनंतीचं उत्तर बाहेर जायला वेगळा रूल नको. एखाद्या ठराविक आयपीला अडवायचंच असेल तर ते नेटवर्क एसीएलचं, म्हणजे नेटवर्कच्या वेशीवरच्या वेगळ्या नियमांचं, काम, पण तिथं उत्तराचे पोर्ट पण हातानं उघडावे लागतात आणि रूल नंबरच्या क्रमानं लागतात, मी तर सांगेन गरज नसेल तर तो डिफॉल्टच राहू दे.

सगळ्यात भारी सोय म्हणजे सोर्सच्या जागी आयपीऐवजी दुसरा सिक्युरिटी ग्रुप लिहिता येतो. डेटाबेसच्या ग्रुपमध्ये एकच ओळ, ५४३२, सोर्स अ‍ॅपचा ग्रुप. मग सीझनला अ‍ॅपची २ ची ४ मशीन केली तरी फायरवॉलला हात लावायला नको. यात एक खोच आहे, हे फक्त प्रायव्हेट आयपीनं जोडलं तरच चालतं. अ‍ॅपच्या कॉन्फिगमध्ये डेटाबेसचा पब्लिक आयपी राहिला असेल तर रूल बरोबर असून टाइमआउट येणार.

टाइमआउट आणि रिफ्यूज्ड यातला फरक तर आमच्या पोराला मी भिंतीवर लिहून दिलाय. लटकून टाइमआउट झालं तर बहुतेक फायरवॉलनं अडवलंय, तिकडं बघ. लगेच रिफ्यूज्ड आलं तर मशीनपर्यंत पोचलंय, तिथं त्या पोर्टवर कुणी ऐकत नाहीये, सर्व्हिस बघ. पिंग येत नाही म्हणून मशीन बंद असं समजू नको, आयसीएमपीचा (पिंगचा) रूल वेगळा लागतो.

कन्सोलमध्ये रूल फक्त आपल्या आयपीला द्यायला माय आयपी म्हणून पर्याय आहे, बरा आहे, पण आपल्याकडं घरच्या ब्रॉडबँडचा आयपी बदलत राहतो आणि बऱ्याच ठिकाणी एकच आयपी कितीतरी घरांना वाटलेला असतो, मग तुम्ही दार स्वतःपुरतं उघडलंय असं वाटतं ते तसं नसतं. आणि वैतागून लोक ०.०.०.०/० (म्हणजे सगळ्या जगाला मोकळं) टाकतात, २२ ला, म्हणजे एसएसएचच्या पोर्टला सुद्धा. ते करू नका प्लीज, लॉग उघडून बघा, काही मिनिटांत कुठून कुठून पासवर्ड मारायला लागतात.

खर्चात व्हॉल्यूम, स्नॅपशॉट धरा, सिक्युरिटी ग्रुपला पैसे नाहीत, पण १ फेब्रुवारी २०२४ पासून पब्लिक आयपीव्ही४ ला तासाला अर्धा सेंट लागतो, महिन्याला प्रत्येकी ३.६ डॉलर. म्हणून ज्या मशीनला बाहेरून कुणी बोलायचं नाही तिला पब्लिक आयपी देऊच नका, पैसे पण वाचतात आणि दार पण कमी. पाच पानांची वेबसाइट असेल तर एवढं सगळं घेऊ नका, साधं होस्टिंग बास. पण लोकांच्या पैशाचा हिशोब तुमच्याकडं असेल तर घ्या, आणि दोन दिवस बसून नीट शिका.

आम्ही शेवटी २२ चा प्रश्न एडब्ल्यूएसच्या सेशन मॅनेजर या दुरून लॉगिनच्या सोयीनं सोडवला. मशीनला एक रोल (परवानगी) द्यायचा, त्याचा एजंट, म्हणजे छोटा प्रोग्राम, उबंटूच्या त्यांच्या इमेजमध्ये आधीच असतो, तो आतूनच ४४३ वरून बाहेर जोडतो, त्यामुळं आत येणारा पोर्टच उघडावा लागत नाही. मागच्या महिन्यात पोरगा बहिणीच्या लग्नाला मिरजेला होता, मांडवातून फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप लावून त्यानं अडकलेली प्रिंटची रांग मोकळी केली, मला आयपी बदलून दे म्हणून फोनसुद्धा आला नाही. २२ चा एकही रूल आता आमच्या कुठल्याच ग्रुपमध्ये नाही.