रिव्हर्ब टँकची पाचवी खूण: घरी बांधलेल्या ट्यूब ॲम्पचा सात महिन्यांचा अनुभव

गिटारचा ॲम्प बांधून सात महिने झाले. ६व्ही६ या पॉवर ट्यूबची जोडी, फेंडरच्या डिलक्स रिव्हर्ब ॲम्पच्या वळणाचं सर्किट, बारा इंची एक स्पीकर. पहिले पाच महिने त्याने एकदाही त्रास दिला नाही. मग एका संध्याकाळी वाजवता वाजवता रिव्हर्ब, म्हणजे सुरामागे रेंगाळणारा घुमारा, अचानक बंद पडला. सिग्नल एका टोकाने आत घेऊन स्प्रिंगांतून दुसऱ्या टोकाने बाहेर सोडणारा पत्र्याचा डबा, म्हणजे टँक, उघडला तर आउटपुटच्या टोकाला कॉइलपासून जॅककडे जाणारी केसासारखी वायर तुटलेली. आतला ट्रे चार छोट्या स्प्रिंगांवर लोंबकळत असतो. ॲम्प उचलला की तो हलतो आणि प्रत्येक वेळी ती वायर ताणली जाते. वायर जोडण्याचं काम नाजूक वाटलं, म्हणून नवा टँक मागवला. वर्णनात लिहिलं होतं: लांब आकार, ८ ओम इनपुट, लांब डिके (घुमारा विरायला लागणारा वेळ). जुन्याचेही गुण हेच.

नवा बसवला आणि रिव्हर्बचा नॉब तीनच्या पुढे नेला की घूंऽऽ. थांबून थांबून वाजवायच्या संथ सुरावटीत दोन स्वरांमधल्या मोकळ्या जागेत हाच आवाज भरलेला. नॉब शून्यावर आणला की एकदम शांतता. विक्रेत्याला कळवलं. उत्तर आलं की ट्यूब रिव्हर्बमध्ये हम, म्हणजे विजेची ही घूं, असतोच. हे मला अजिबात पटलं नाही. पाच महिने त्याच ॲम्पमध्ये, त्याच ट्यूबांवर तो नव्हता, तर टँक बदलल्यावर कुठून आला?

तरी पहिल्यांदा चुकलो मीच. हम म्हटल्यावर वीजपुरवठा गुळगुळीत करणारे फिल्टर कॅपॅसिटर, या पाठ केलेल्या उत्तरामागे गेलो. चॅसी (सर्किटची धातूची पेटी) उघडली, ४०० व्होल्टच्या वर चार्ज झालेले कॅपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामे केले, मीटरवर शून्य बघितलं आणि दोन चांगले कॅपॅसिटर काढून नवे घातले. फरक शून्य. तो खर्च अजून डाचतो, कारण गिटार हातात घेऊन दोन मिनिटं ऐकलं असतं तरी तो टळला असता. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे फिल्टर कमी पडल्याचा हम १०० हर्ट्झचा येतो. सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ९८ हर्ट्झचा, म्हणजे जवळपास तोच स्वर. माझा हम त्याच्या एक सप्तक खाली होता. ५० हर्ट्झ म्हणजे एकतर ट्यूब तापवणाऱ्या फिलामेंटची वायरिंग, नाहीतर पॉवर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र किंवा ग्राउंड लूप (ग्राउंडच्या जोडण्यांचं बंद वर्तुळ). (वीज ६० हर्ट्झची असेल तर १२० हर्ट्झचा हम सातव्या फ्रेटवरच्या बीच्या जवळ येतो.)

पुढच्या चाचण्यांना चॅसी उघडावीच लागली नाही, आणि घरी ॲम्प बांधणाऱ्याला याचं मोल कळेल. ॲम्प बंद करून ड्रायव्हरची १२एटी७ ट्यूब काढली, परत चालू केला. हम तसाच. म्हणजे टँकला सिग्नल पाठवणारी बाजू निर्दोष. मग एका आरसीए प्लगची मधली पिन बाहेरच्या कड्याला सोल्डर करून शॉर्ट प्लग बनवला आणि टँककडून येणारी केबल काढून तो चॅसीच्या जॅकमध्ये घातला. हम गायब. म्हणजे टँककडून परतलेला सिग्नल वाढवणारी रिकव्हरीची १२एएक्स७ ट्यूब, तिची फिलामेंट, तिचा पुरवठा, सगळं ठीक. दोष टँक आणि केबलमध्ये. टँककडून परत येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो आणि पुढची ट्यूब तो कितीतरी पट वाढवते. तिथे जरासं काही शिरलं तरी स्पीकरमधून मोठं होऊन बाहेर पडतं.

टँकचे स्क्रू काढून तो हातात धरला आणि ॲम्प चालू ठेवून फिरवला. एका बाजूला हम वाढतो, दुसऱ्या बाजूला उतरतो. आउटपुटची कॉइल पॉवर ट्रान्सफॉर्मरजवळ आली की सर्वांत वाईट. जुना टँक बसवताना ते टोक मी मुद्दाम लांब ठेवलं होतं. नव्याचे जॅक समोर यावेत म्हणून तो उलटा फिरवला आणि दोन्ही टोकांची अदलाबदल झाली. पुन्हा सरळ केला, हम पुष्कळ उतरला. त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं: दिशेचा दोष, टँक चांगला. विक्रेत्याला उगाच बोललो असंही वाटलं.

ते मत आठवडाभर टिकलं. रात्री सगळं शांत असताना नॉब पाचवर नेला की मागे बारीक गुणगुण होतीच, जी जुन्या टँकला नव्हती. केबल बदलून बघितली, काही नाही. शेवटी दोन्ही टँक शेजारी ठेवून मल्टिमीटर लावला. इनपुट कॉइल दोन्हींत एक ओमच्या आत, आउटपुट कॉइल दोनशे ओमच्या आसपास, जशा असायला हव्यात तशाच. मग एक टोक इनपुट जॅकच्या बाहेरच्या कड्याला आणि दुसरं टँकच्या पत्र्याला. जुन्यात मीटर हललाच नाही. नव्यात शून्य ओम!

जुन्यावरचा कोड ४एबी३सी१बी. ॲक्युट्रॉनिक्सच्या या पद्धतीत पाचवी खूण फक्त जॅकबद्दल बोलते. सी म्हणजे इनपुट पत्र्यापासून वेगळा, आउटपुट पत्र्याला जोडलेला. ए म्हणजे दोन्ही जोडलेले. नव्यावर पाचवी खूण ए होती. माझ्या ॲम्पमध्ये दोन्ही केबलींच्या शील्ड (बाहेरचं जाळीचं आवरण) चॅसीला जोडलेल्या आहेत. त्यामुळे चॅसी, इनपुटची शील्ड, टँकचा पत्रा, आउटपुटची शील्ड आणि परत चॅसी असं बंद वर्तुळ, म्हणजेच ग्राउंड लूप, तयार झालं. ट्रान्सफॉर्मरच्या क्षेत्राने त्या वर्तुळात प्रवाह खेळवला आणि तो आउटपुटच्या शील्डवरून, नेमक्या त्या मिलिव्होल्टच्या सिग्नलच्या वाटेने गेला. वर्णनात आकार, ओम, डिके सगळं दिलं होतं. ज्या एका अक्षरावर शांतता अवलंबून आहे तेवढंच गाळलं होतं. याचा राग मला अजून आहे.

कुणी म्हणतं, एका केबलची शील्ड कापा. आउटपुटची कापून बघितली तर टँकचा पत्रा ग्राउंडवेगळा झाला आणि आवाज भयंकर वाढला. इनपुटची कापली तर ड्रायव्हरच्या प्रवाहाला परतायला आउटपुटच्या शील्डचीच वाट उरते. म्हणून दुरुस्ती जॅकवरच केली. इनपुट जॅकचे दोन रिव्हेट ड्रिलने काढले, भोक थोडं मोठं केलं, पत्रा आणि जॅकच्या मध्ये फायबरचा तुकडा घातला आणि कॉइलची दुसरी वायर फक्त जॅकच्या कड्यालाच राहील असं बघितलं. ड्रिल करण्याआधी दोन्ही टोकांच्या कॉइल कागदी टेपने झाकल्या, कारण तिथे बारीक चुंबक असतात आणि लोखंडाचा कीस चिकटला तर निघता निघत नाही. मीटरवर कडं आणि पत्रा वेगळे झाले. टँक बसवला, नॉब सातवर नेला. आता फक्त ट्यूबची हिस्स, आणि ती मला चालते.

नव्या टँकचं कौतुकही करायला हवं. शेपटी जुन्यापेक्षा जास्त दाट, वरचे स्वर जरा उजळ. स्ट्रॅट गिटारच्या मानेकडच्या पिकअपवर एक कॉर्ड छेडली की ती विरत विरत जाताना ऐकत बसावंसं वाटतं. फेंडरने १९६३मध्ये ॲम्पच्या पोटातच रिव्हर्ब बसवायला सुरुवात केली ती याच आवाजासाठी, असं आता वाजवताना मनापासून वाटतं. स्प्रिंगांना पाच गुण. वर्णनाला एकही नाही.

जुना टँकही फेकला नाही. तुटलेल्या जागी लवचिक वायरीतला एकच तंतू सैल वळण देऊन सोल्डर केला. तो आता पुन्हा चालतो आणि कपाटात तयार ठेवला आहे. विक्रेत्याला मीटरचा फोटो पाठवून तीन आठवडे झाले, वर्णन अजून तसंच आहे. तुम्ही हा टँक घेतला असेल तर चार स्क्रू पिळण्याआधी इनपुट जॅकचं कडं आणि पत्रा यांच्यात मीटर लावून बघा, आणि तुमच्या टँकवरची पाचवी खूण कोणती निघाली ते इथे लिहा.