खराब सीडी-डीव्हीडीतून घरचे फोटो काढताना: डीडीरेस्क्यू आणि फोटोरेक, काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या घरचे २००३ ते २००९ या काळातले बहुतेक फोटो सीडी-डीव्हीडीवरच आहेत. बारशी, मुंजी, मावसभावाचं लग्न, आजोबांची पंच्याहत्तरी. कोकणातल्या दमट हवेत त्या वर्षानुवर्षं कपाटात राहिल्या. आता लावल्या तर फोल्डर दिसतं, कॉपी सुरू होते आणि मधेच अडकून पडते. गेले काही महिने जीएनयू डीडीरेस्क्यू आणि फोटोरेक ही दोन मोफत साधनं वापरून मी एकेक डिस्क सोडवतोय. बरेच फोटो परत आले. सगळे नाही.

माझं ठाम मत झालंय की खराब डिस्कवरून थेट फोटो कॉपी करायला जाऊच नये. आधी अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे एका फाइलमधली हुबेहूब नक्कल, हार्ड डिस्कवर घ्यावी आणि पुढची सगळी शोधाशोध त्या इमेजवर करावी. डीडीरेस्क्यू नेमकं हेच काम करतं. जे सहज वाचता येतं ते आधी उचलतं, अडलेला भाग बाजूला ठेवतं आणि शेवटी त्याच्याकडे वळतं. कुठला भाग मिळाला नि कुठला राहिला याची नोंद ते मॅपफाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे काम कधीही थांबवता येतं. ड्राइव्ह तापला की मी डिस्क काढून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू करतो. सीडी-डीव्हीडीसाठी सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या डेटाच्या एका तुकड्याचा, आकार २०४८ बाइट सांगायला मात्र विसरू नका.

मॅपफाइलचा खरा फायदा ड्राइव्ह बदलताना कळतो. लॅपटॉपच्या ड्राइव्हला न वाचलेले तुकडे जुन्या डेस्कटॉपच्या रायटरने वाचले, त्याला न जमलेले यूएसबी ड्राइव्हने. इमेज आणि मॅपफाइल तीच ठेवायची, म्हणजे फक्त उरलेल्या जागा भरत जातात. महागडं सॉफ्टवेअर घेण्याआधी ओळखीपाळखीत दोन-तीन वेगवेगळे ड्राइव्ह मिळतात का ते बघा. मला सगळ्यात जास्त फरक यानेच पडला.

इमेजमधली फोल्डरची यादी शाबूत असेल तर ती नेहमीसारखी उघडते आणि फोटो नावांसकट मिळतात. यादीच गेली असेल तर फोटोरेक. ते यादीकडे बघतच नाही. जेपेगची, म्हणजे नेहमीच्या फोटो-फाइलची, सुरुवात ओळखून थेट फाइल उचलतं. सीडीवर एकेक फाइल सहसा सलग लिहिलेली असते, त्यामुळे हे तंत्र इथे फार चांगलं चालतं. नावं मात्र जातात. मग फोटोच्या आत कॅमेऱ्याने लिहिलेल्या तारखेवरून, ती माहिती वाचणाऱ्या एक्झिफटूल या साधनाने, ते लावून घ्यायचे. आमच्या पहिल्या कॅमेऱ्याचं घड्याळ बॅटरी काढली की मागे जायचं, म्हणून लग्नाचे काही फोटो तारखेने २००० सालात जाऊन बसले. ते आईने साड्या ओळखून लावून दिले, आणि ते काम तिच्याशिवाय कुणालाच जमलं नसतं.

डीव्हीडीत नुकसान मोठं होतं. तिथे चूक-दुरुस्ती १६ सेक्टरच्या, म्हणजे ३२ केबीच्या गठ्ठ्याने होते. गठ्ठा गेला की सगळाच जातो. मग फोटोचा वरचा भाग स्वच्छ आणि खाली रंग सरकलेले किंवा नुसता करडा पट्टा. अशा वेळी फोटोच्या सुरुवातीला असलेली छोटी प्रत, बहुधा १६० बाय १२० ची, एक्झिफटूलने वेगळी काढता येते. पंच्याहत्तरीच्या पंगतीत आजी वाढतेय तो फोटो आमच्याकडे आता तेवढाच आहे. लहान आहे, पण चेहरा ओळखू येतो.

डिस्क पुसायची ती मऊ कापडाने, मधून कडेकडे सरळ. गोल फिरवून नाही. खालच्या पारदर्शक बाजूचे ओरखडे बऱ्याचदा निभावतात. सीडीची लेबलची बाजू खरवडली असेल तर गोष्ट वेगळी, कारण चकाकणारा थर त्या लेबलखालीच असतो. दिव्यासमोर धरून आरपार भोकं दिसली, तर तेवढा डेटा कुठलंही सॉफ्टवेअर आणू शकत नाही. डीव्हीडीत तो थर दोन प्लास्टिकच्या मधे असतो, म्हणून वरचा ओरखडा तिला तितका लागत नाही.

तक्रार एकच: डीडीरेस्क्यू कमांड टाइप करून चालवावं लागतं आणि ते लिनक्सवरच सोयीचं पडतं. ज्यांना ते नको त्यांच्यासाठी विंडोजवर आयसोबस्टर आहे. काही कामांसाठी त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो, पण एकाच डिस्कवर वेगवेगळ्या वेळी फोटो टाकले असतील तर जुनी सत्रंही ते वेगळी दाखवतं. विंडोजला न दिसणारा एक अख्खा गणपतीचा फोल्डर मला तिथेच सापडला.

ज्या डिस्क अजून पूर्ण वाचल्या जातात, त्यांच्या इमेज मी आता आधी घेतोय आणि बिघडलेल्या मागे ठेवल्यात. इमेजची एक प्रत घरी आणि एक बहिणीकडे नाशिकला.